अनुक्रमांक एक

लिहा: गुरो. वय विचारू नका,
फ्योर्डच्या पल्याडचं चर्च जळालं तेव्हा मी शेळ्या राखत होते.
चुलीजवळ सरका, शाई गोठेल तुमची.

तर म्हणे आता या वाणाची वंशावळ मांडायची,
आणि सगळ्या रेघा मागे मागे येत
आमच्या तबेल्याच्या दाराशी थांबतात.
थांबणारच. पुढे कडा आहे.

नाव: स्कार्व. म्हणजे पाणकावळा.
रंग तसा नव्हे हो, रंग ओल्या वाळूचा,
आयाळीपासून शेपटीपर्यंत एक काळी रेघ,
कोळशानं ओढल्यासारखी.
पण तिसऱ्याच दिवशी धक्क्यावरून घसरला,
आणि बुडायचं सोडून पोहत आला, मान तेवढी वर.

उंची? बापाच्या हनुवटीपर्यंत.
बाप प्यायलेला नसेल तेव्हा.

आईचा रकाना कोरा का सोडलात?
उत्तरेकडच्या मीठवाल्याची घोडी होती, आंधळी होत आलेली.
रात्री व्याली, पहाटेच्या आत गार.
मीठवाला म्हणाला, कातडं माझं, पोर तुमचं.
मी नऊ वर्षांची. गाईच्या दुधात बोट बुडवून
त्याला चोखायला द्यायचे.
हे बघा, नख अजून वाकडं आहे.
काय लिहायचं ते तुम्हीच ठरवा.

पुढे घोड्या माजावर आल्या की होडीतून गावोगाव.
हालस्टेन वल्ही मारायचा,
मी माझा एप्रन सोडून त्याच्या डोळ्यांवर बांधायची,
आणि तो चारही पाय रोवून उभा,
जणू होडी तोच चालवतोय.
मोबदला निम्मं पिंप हेरिंग,
शिंगरू जगलं तर वर चीझचा एक गोळा.
यिटरनेसची ब्लोमा, लाथाळ. विधवा टोराची लंगडी सेल्या.
आणि ती एक, जिला नावच नव्हतं, नुसतंच "अगं" म्हणायचे.
त्यांचीही नावं घ्या.
जागा नाही? मग समासात घ्या.

मृत्यू.
थांबा, खिडकी लावते.

त्या साली बार्ली कणसातच गोठली.
आई पिठात झाडाची साल दळायची,
धाकटा ओड रडायचा थांबला, तेव्हा आम्ही घाबरलो.
घोडा खाणं पाप, असं पाद्री सांगायचा.
बापानं चर्चच्या बाजूचं दार लावून घेतलं
आणि माझ्याकडे एप्रन मागितला.
डोळे बांधले तसा तो
पाय रोवून उभा राहिला, शहाण्यासारखा,
होडी हलायची वाट बघत.

वसंतात आम्ही सातच्या सात होतो.
हे नका लिहू.
लिहा, वय झालं होतं.

बाहेर फाटकापाशी तुमची ती भाड्याची घोडी
खांबाला डावा गाल घासते,
आणि मग त्याच खांबाला चावते, राग आल्यासारखी.
बघितलं मी मघाशी,
तुम्ही बुटांचा चिखल झटकत होता तेव्हा.

तिला पाणी दाखवलंत का?