तीन मायक्रॉन

दिवाडीहून सुटणारी पहाटेची फेरीबोट
कधीच सरळ जात नाही.
सहा वर्षं बघते आहे.
धक्का समोर, आणि हिचं नाक भलतीकडे,
वर, प्रवाहाच्या अंगाला.
मी घड्याळ बघते. वेर्ण्याची बस चुकेल.

पठारावरच्या त्या शेडमध्ये आमचं काम एवढंच:
लेझरचा उजेड
काचेच्या तंतूत घालायचा.
तंतूचा गाभा नऊ मायक्रॉन. माझा केस सत्तर.
नुसतं आत शिरून भागत नाही,
उजेडाचा आकार आतल्या आकाराशी जुळावा लागतो,
नाहीतर तो कडेनं झिरपून जातो,
लग्नाला येऊन न जेवता गेलेल्या पाहुण्यासारखा.

आधी सगळं हातानं, पडद्यावर.
भिंग अर्धा मायक्रॉन डावीकडे. गणित चालव. आकडा वहीत लिही.
पुन्हा अर्धा.
चहा. आकडा लिही.
एका गुरुवारी त्या वहीची किळस आली
आणि मी स्क्रिप्ट लिहायला बसले.
चक्रात चक्र, बाहेरच्यात आडवं, आतल्यात उभं,
सतरा गुणिले सतरा.
तू सरक, तू मोज, तू लिही.
दिवा मालवून घरी गेले.

सकाळी फाइलमध्ये दोनशे एकोणनव्वद ओळी
आणि प्रत्येकीत
एक्केचाळीस पूर्णांक तीन.
एक्केचाळीस पूर्णांक तीन.
रात्रभर ते भिंग सरकवत होतं
मनातल्या मनात.
मॉडेल ताजं कर, हे सांगणारी ओळ
मी लिहिलीच नव्हती.
सर्वानंद म्हणाला, ह्याला सरकारी खात्यात चिकटव.

ओळ घातली. मग आकड्यांची टेकडी उभी राहिली,
पायथ्याशी दोन, पाच, अकरा,
आणि वहीच्या भरवशावर मी जिथे पोचलेच नसते
अशा एका कोपऱ्याजवळ
अठ्ठ्याहत्तर.

शिखराचा पत्ता कागदावर लिहून कायतानला दिला.
कायतान रिबेलो, पूर्वी मडगावात घड्याळं दुरुस्त करायचा.
श्वास धरून त्यानं स्क्रू फिरवला, गोंदाचा थेंब सोडला.
ओला होता तोवर सत्त्याहत्तर.
सुकल्यावर छप्पन्न.
पुन्हा. छप्पन्न.
तिसऱ्यांदा सत्तावन्न.
चूक शोधायला मी स्क्रिप्ट उघडली.
चूक नव्हती. तेच वाईट होतं.

तो चष्मा पुसत म्हणाला,
"बाय, गोंद ओडटा. सदांच दाव्या कुशीक."
सुकताना. डावीकडे. तीन मायक्रॉन.
अकरा वर्षं त्याला हे माहीत होतं,
अकरा वर्षं तो मुकाट जरा उजवीकडे धरत आला होता.
मग आज का नाही धरलं?
"तुवें बरयलां न्हय," म्हणाला,
आणि माझा कागद घडी करून मला परत दिला.

संध्याकाळी ओहोटी होती.
तांडेलानं नाक वर धरलं,
नदी बोटीला खाली ओढत राहिली
आणि फळी धक्क्यावर टेकली,
नेमकी, एक स्कूटर आधीच सुरू झालेली.
मी उतरायचं विसरले. मागच्यानं हॉर्न वाजवला.

आता स्क्रिप्टमध्ये एक नवा चल आहे,
त्याचं नाव कायतान, किंमत तीन.
सर्वानंद म्हणतो, नाव बदल,
उद्या नवीन माणूस आला तर कळायचं नाही त्याला.
नाही कळलं तर
विचारील कुणालातरी.