पुश

डॉक्टरीणबाई नवीन, पुण्याहून आलेल्या.
पहाटे तीनला ओरडल्या, पुश! पुश!
आणि टेबलावरच्या योजनानं
थरथरता हात उचलून
कपाळाचा घाम पुसला.

परत, पुश!
तिनं डोळे पुसले, मान पुसली,
मग माझ्याकडे वळून,
आखो काय पुसू वं मावशी?

चोपड्याच्या सरकारी दवाखान्यात
एकवीस वर्षं फरशी पुसते मी.
आलेलं हसू गिळलं. बाईंना म्हटलं,
हिच्या भाषेत हा शब्द फडक्याचा आहे.

मला तो ठाऊक. तो दारांवर राहतो.
बसस्टँडसमोरच्या बँकेत काचेवर चिकटवलेला,
आणि मी आपली दार ओढते आहे, ओढते आहे,
आतला शिपाई हातानं काहीतरी लांब सारून दाखवतो.
मला वाटलं, जा म्हणतोय.
मी गेले.

मोठ्या क्लार्कच्या तोंडीही तो असतो.
फाईल जळगावला अडकली, पुश करावी लागेल,
असं म्हणताना त्याच्या टेबलाचा खण
आपोआप चार बोटं उघडतो.

वडील भुसावळच्या यार्डात होते, शंटिंगला.
इंजिन डब्याला एक रेटा देतं, म्हणायचे,
आणि जागच्या जागी थांबतं.
पुढे डबा एकटाच जातो
अंधारात, कुणी ओढत नाही, कुणी ढकलत नाही,
वडील बाजूनं पळत, कंदील हातात,
ब्रेकचा दांडा धरायला.
एका रात्री दांडा सापडला नाही.
दवाखान्यातून घरी आले ते
एकाच पायात चप्पल घालून.

माझ्या लग्नात त्यांनी मला जीपमध्ये बसवलं.
काखेत कुबडी, दुसरा हात माझ्या पाठीवर.
तो रेटा होता की नुसता हात
अजून ठरत नाही.

तर योजनाला सांगायचं कोणत्या शब्दानं?
ढकल म्हणावं, तर आमच्याकडे दिवस ढकलतात,
पोरं ढकलपास होतात, माझा लोकेश झाला तसा,
नववीत बसून सातवीची बेरीज करत.
लोट म्हणावं, तर लोटतो आम्ही दार,
तेही आत मूल झोपलं असेल तर.
खरा शब्द आहे कुंथ.
पण पुण्याच्या बाईंसमोर
तो जिभेवरच अडखळला.

वाकले तिच्या कानाशी.
रेट वं माय, रेट.
चिखलात रुतलेली केळीची गाडी
रेटतीस ना बांधावर, तशी. टाच रोव.

दात आवळून ती म्हणाली,
तठे आठ जण ऱ्हातस.

मी खोलीत पाहिलं.
बाई, सिस्टर, मी.
दाराबाहेर तिची सासू, दीर,
बाकड्यावर घोरणारा वॉचमन.
दोन कमीच पडत होते.
तेवढ्यात तिनं माझं मनगट असं पिळलं
की बांगडी फुटली,
आणि त्या कमी पडलेल्यांतलं एक
निळसर, चिकट, रागावलेलं
बाईंच्या हातात आलं.

तीन चाळीस, सिस्टरनं लिहिलं. मुलगी.

हातमोजे काढता काढता बाईंनी विचारलं,
मावशी, रेट म्हणजे भाव ना?
म्हटलं, तो केळीचा. हा वेगळा.
त्या पहिल्यांदाच हसल्या,
मग खिशातून छोटी वही काढली
आणि मला विचारून विचारून
कुंथ लिहून घेतलं.

मी रक्त पुसलं, बांगडीचे तुकडे वेचले.
लेबररूमच्या दारावर
आतून पुश आहे, बाहेरूनही पुश,
रंगारी चुकला की शहाणा होता, कोण जाणे.
एका हातात बादली, एका हातात फडकं.
मी पाठीनं दार उघडलं.