सोळाशे बावन्न

शहाद्याच्या सराफ गल्लीत, बाजार उलगताना
रुमालीबाई पावरानं गळ्यातला हार काढून
माझ्या काचेवर ठेवला.
तेवीस नाणी. एक कडी तुटलेली.

बावीस राणीछाप. ती मी बोटांनीच ओळखतो,
बायको भरताचं वांगं ओळखते तशी.
तेविसावं हाताला हलकं लागलं.

पातळ, जरा वाकडं, कडा कुणीतरी कातरलेली.
भिंगाखाली एक झाड,
फांद्या खाली खाली रुंद होत गेलेल्या,
भोवती मण्यांचं रिंगण.
मागे १६५२. त्याखाली रोमन बारा.

असं नाणं मी कॅटलॉगातच पाहिलेलं.
अमेरिका अजून अमेरिका नव्हती,
तेव्हा राजाला न विचारता पाडलेली चांदी.
आणि राजाला कळू नये म्हणून, म्हणतात,
तीस वर्षं साल बदललंच नाही.
टाकसाळीत पोरं म्हातारी झाली,
ठशात सोळाशे बावन्नच.

कडीसकट चार ग्रॅम एकवीस.
काठावर साच्याची शिवण शोधली, सापडली नाही.
पण हुशार ओतारी शिवण घासून देतो.
दगडावर वाजवून बघावं
तर कडीचा डाग मध्ये येतो, नाद दबतो.
हाच डाग नसता तर...
मी मनात एक आकडा मांडला
आणि पंख्याचं बटण दाबायला उठलो.

"मामा, कितला येळ?"
हे कुठून आलं गं?
"मनी मायना गयामाईन."
आणि तिच्याकडे?
ती हसली. "तिनी मायना."
विकायचंय?
"इकानं नही. कडी लाव."

सांगू नये असं वाटलं, म्हणून सांगितलं.
विलायती झाड आहे, खरं निघालं तर मोठी रक्कम येईल.
तिनं नाणं उजेडाला धरलं.
"सालई नही. साग बी नही."
मग माझ्याकडे बघून,
"खरं शे का?"

चाळीस वर्षं या गादीवर बसून
लोकांना खरं-खोटं सांगत आलो.
"माले माहीत नही," मी म्हणालो.

पावतीसाठी आधार कार्ड घेतलं.
जन्म : एक जानेवारी.
ही खरी तारीख?
"कार्डवाला पोऱ्यानी टाकी दिन्ही."
माझी एक जून. तावड्या मास्तरांनी दिलेली,
अख्ख्या पहिलीला एकाच दिवशी,
बत्तीस पोरं.

वहीत लिहिलं : झाडाचं नाणं, एक. साल
इथे पेन थांबलं.
मग ठशात होतं तेच उतरवलं.

डाग दिला, जुन्या डागावरच.
वीस रुपये म्हणालो.
तिनं पंधरा ठेवले, हार गळ्यात घातला
आणि पळाली.
धडगावची गाडी हॉर्न देत होती.