मऊ माती

गावाचं नाव सूर.
चौथं वर्ष चालू आहे, मला अजून लागलेला नाही.
नवरा गॅसच्या प्लँटवर,
दोन आठवडे दिवस, दोन आठवडे रात्र,
आणि मला घरामागे दहा बाय सहा फूट जागा,
तीही खडीची.

खडी मी उपसली. पहाटे पहाटे,
ऊन भिंतीवरून उतरायच्या आत.
दादकरीमनं टेम्पोतून अकरा पोती गाळ आणला,
वर बकऱ्यांचं लेंडीखत,
त्याचे पैसे घेतले नाहीत.
चाळली, भिजवली,
ढेकळं बोटांनी फोडली एकेक,
आणि ऑक्टोबर सरताना मेथी टाकली.

दुसऱ्या पानावर आली होती.
सकाळी बघते तर वाफ्याच्या मधोमध खड्डा,
वर नीट लोटलेली माती,
आणि खाली काय ते
खुरप्यालाच आधी कळलं.

मासळीचं गाव हे.
जिथे कुप्याची डोकी रस्त्यावर पडतात
तिथे मांजरं होणारच.
पण जेवायचं बंदरावर
आणि बाकीचं माझ्या दारात?

संत्र्याची सालं पसरली.
तिनं ती पंजानं कडेला सारली,
पाहुणे यायच्या आधी पसारा सारतात तशी.
कॉफीचा चोथा टाकला,
दोन दिवस परसात वेलची दरवळली, तेवढंच.
मिरपूड फुंकली. वारा समुद्रावरचा.
शिंकत शिंकत आत पळाले मी,
ती भिंतीवर, एक कान फाटलेला,
बघत होती शांतपणे.
पाण्याच्या बाटल्या मांडल्या ओळीनं,
त्यांत तोंड पाहून गेली.

पलीकडची झुवैना तिला मिश्मिश म्हणते,
म्हणजे जर्दाळू.
मी मेली म्हणते.
झुवैना दारात उभी राहून
बिस बिस बिस करते, की ही हजर.
मी ओरडते, बस! बस आता!
हिला वाटतं मीही बोलावतेय.
येते,
आणि मराठी समजत असल्यासारखी
बसते.

शेवटी दादकरीम खजुराच्या झावळ्या घेऊन आला.
बुडाशी काटे बोटभर, दाभणासारखे.
ओळींच्या मधे खोचत गेला उकिडवा बसून,
मग हात झटकले,
टाचेनं वाफा दाबून पाहिला, म्हणाला,
बाई, एवढी मऊ माती
या गल्लीत दुसरी कुठाय?

मी पाहिलं. खरंच पाहिलं पहिल्यांदा.
फरशी. सिमेंट. खडी.
त्यापलीकडे खारट, कुदळ उडवणारी जमीन.
मेथीकडे तिनं कधी
ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

काटे लागू पडले.
दोन जुड्या निघाल्या, एक झुवैनाला दिली.
तिला मेथीचे दाणे माहीत, पाला नाही.
हुंगून म्हणाली, हिल्बा? हे?
आणि एक पान नुसतंच चावून
तोंड वाकडं केलं.

परवा नळाशेजारची खडी काढली, हातभर जागा.
किनाऱ्यावरची रेती आणून ओतली बादलीनं,
सवयीनं बोटं फिरवली तीतून.
नवरा रात्रपाळीहून आला, म्हणाला,
इथे काय लावणारेस?
म्हटलं, काही नाही.

अजून ती तिकडे फिरकलेली नाही.
काट्यांच्या अलीकडे बसून
माझ्या हाताकडे बघते,
खुरपं कधी खाली ठेवते
याच्यावर नजर.