चार चौकोन

पाच-पाच रुपये गोळा करून
लांजेवार मॅडमनी पालांदूरहून सत्तावीस आलेख-कागद आणले.
मला आला कोपरा दुमडलेला.

"आडव्या अक्षावर वेळ. उभ्यावर घरापासूनचं अंतर.
शाळेत कसे येता-जाता, काढा."

निकेश दडमलनं रस्ताच काढला:
नाल्याचा रपटा, अलीकडचा उतार, पलीकडचा चढ,
धानाच्या बांध्या आणि एक बगळा.
मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या,
"हा रस्ता झाला. यात तू कुठं आहेस?"
निकेश बगळ्याकडे बघत राहिला.

माझी सायकल साडेनऊला निघते.
डांबर आहे तिथवर रेषा उभट, सरळ.
मग मुरूम. रेषा कलते,
अंतर दमानं वाढतं, वेळ आपल्याच चालीनं.
राइस मिलपाशी चेन पडते. रोज.
तिथं मी उभी राहते
आणि रेषा आडवी पडते.

हे डोक्यात शिरेना.
मी थांबले, तर रेषेनंही थांबावं ना?
"तू थांबली म्हून वेळ थोडीच थांबून रायते?"
मॅडम पहिल्यांदाच आमच्यासारखं बोलल्या.

खोडलं, पुन्हा काढलं. चार चौकोन.
बोटांना काळं वंगण, कोंड्याचा वास,
मिलच्या पट्ट्याची धडधड,
कॅरिअरवरची धाकटी, "झालं का वो?"
कागदावर यातलं काहीच नाही,
नुसती एक आडवी रेघ.

तुषालीनं घाईत रेषा थेट उभी ओढली.
"म्हणजे एकाच क्षणी तू घरी, रपट्यावर आणि शाळेतही?"
मागून कोणीतरी:
"मस्टरवर आमच्या मामाचं तसंच हाय, मॅडम.
तळ्याच्या कामावरही हाजर, मिलातही हाजर."
तेव्हा मात्र मॅडम हसल्या,
खडूचा हात तोंडावर, मग मिशी पांढरी.

परतीची रेषा खाली उतरते, शून्याकडे.
खरं तर घराकडे जातानाच
रपट्यानंतरचा चढ जास्त छातीवर येतो,
वाराही समोरून.
कागदाला चढ कळत नाही.
निकेशला कळला होता.

कागद परत आला. आडव्या रेघेपाशी लाल प्रश्न:
इथे वेग किती?
मी पेनानं लिहिलं, शून्य.
आणि खाली पेन्सिलीनं, पुसता येईल असं:
चेन बसवत होते.