ऑक्सिजनमुक्त तांबं

साडूंनी अठरा हजारांची वायर आणली.
अडीच मीटर.
मी मनात भागाकार केला आणि बशीत चहा सांडला.

मखमली खोक्यात निजली होती ती,
जांभळी, करंगळीहून जाड,
जशी काही सराफ बाजारातून उचललेली.
आणली होती कॅनडा कॉर्नरच्या छाजेडकडून.
छाजेड म्हणाला म्हणे, ऑक्सिजनमुक्त तांबं आहे,
नव्याण्णव पूर्णांक नऊ नऊ नऊ नऊ,
आणि दिशा चुकवू नका, बाण छापलाय बघा.

मी बत्तीस वर्षं टेलिफोनात केबल जोडली.
द्वारकेपासून सातपूरपर्यंत, खड्ड्यात उतरून,
पांढरा-निळा, पांढरा-नारिंगी, पांढरा-हिरवा,
झोपेतही पाढ्यांसारखं चालायचं.
बोटांची जेली रॉकेलनंही निघायची नाही.
कुसुम म्हणायची, तुमच्या भाकरीला खात्याचा वास येतो.
पाणी दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागलं
की नदीकाठचे आमचे जॉइंट आधी बुडायचे
आणि अर्धी पंचवटी एका सुरात खरखरायची.
त्या ओल्या, गंजक्या, सरकारी तांब्यातूनच
कुणाला मुलगा झाल्याचं कळलं,
कुणाचा बाप गेल्याचं.
किती नऊ आहेत, कुणी विचारलं नाही.
विचारायचे एवढंच :
ऐकू येतंय का?

हे मी साडूंना बोललो नाही.
गायधनी साडू प्रेसमधून रिटायर झालेत.
जन्मभर नोटांचे ओले ताव मोजायचे
आणि संध्याकाळी झडती देऊन
रिकाम्या खिशानं नाशिकरोडच्या गेटाबाहेर पडायचं.
अशा माणसानं एकदा तरी नोटा उधळाव्यात,
हे मला पटतं.

टीव्हीच्या चार हजारांच्या एचडीएमआयवर मात्र जीभ सैल सुटली.
म्हटलं, तिथं शून्य आणि एक.
चित्र येतं, नाहीतर फुटतं, नाहीतर येतच नाही.
पोस्टमन भरजरी फेटा बांधून आला
म्हणून शंभराच्या मनीऑर्डरीचे एकशेदहा होतात का?
साडू म्हणाले, तुम्हा खात्याच्या माणसांना
फक्त लाइन चालू आणि लाइन बंद कळते.

मग परीक्षा ठरली.
माझ्या जुन्या पिशवीत केबलचा एक तुकडा होता,
त्यातल्या दहा जोड्या एकत्र पिळल्या,
टोकं दातांनी सोलली, सवयीनं.
नात शर्वी कपाटामागे बसली, वर चादर.
दहा वेळा ती बदलणार, दहा वेळा साडू सांगणार.
सतारीची जुनी तबकडी लावली.
साडूंनी चष्मा काढला.
ऐकायला चष्मा कशाला काढतात, कोण जाणे.
मीही डोळे मिटले.

दहापैकी सहा.
"पास!" साडू ओरडले.
मी म्हटलं, नाणं फेकलं असतं तरी पाच आले असते.
"मग एक कुठून आला?"
ह्याला उत्तर नव्हतं.
साडवीणबाई आतून म्हणाल्या,
त्या एकाचे अठरा हजार.

जिना उतरताना शर्वीनं माझी बाही ओढली.
"आजोबा, स्क्रू फार घट्ट होते.
चौथ्यानंतर मी काही बदललंच नाही.
नुसती खुडबुड केली."

सातव्या खेपेला
तार छेडण्याआधी वादकानं घेतलेला श्वास
मला ऐकू आला होता.
अगदी कानाशी.
मी मनात म्हटलं होतं, ही जांभळी.

शर्वीला पाच रुपयांची गोळी दिली,
कुणाला सांगू नकोस म्हटलं.
कुणाची अब्रू वाचवत होतो,
साडूंची की माझ्या कानांची,
ते पायऱ्या संपेपर्यंत ठरलं नाही.

रात्री साडूंचा मोबाइल आला.
कुठंच तांबं नाही, खड्डा नाही, जोड नाही.
आवाज तुटत होता, विहिरीतून आल्यासारखा :
"...बदलल्यावर... दोन तास... सलग... कित्येक वर्षांत...
ऐकू येतंय ना?"

स्वच्छ, मी म्हटलं.