लांब शेपटाची गाठ

पाणी रोज बोटभर उतरत होतं.
मल्लेशम येमूलनं काठावर काठी रोवली,
चाकूनं तिच्यावर खुणा केल्या,
म्हणाला, "चार दिवस बे. मग तुझं बेट संपलं."

बेट कसलं, आमच्या जुन्या गावाची टेकडी.
गाव उजनीच्या पोटात, आणि ही एवढीच पाठ
डुंबणाऱ्या म्हशीसारखी बाहेर राहिलेली.
चार बाभळी, ताडपत्रीचं खोपटं,
चिलापी वाळवायच्या दोन दोऱ्या,
आणि एका सपाट दगडावर
गुरं राखताना माझ्या बापानं कोरलेला वाघ-बकरीचा पट.
"कॅलेंडरातल्या बेटावर नारळ असतो," तो म्हणाला होता
आल्या दिवशी, होडीतून उतरता उतरता, पाय लटपटत.

सोलापुरात त्याचा माग सात महिने बंद.
जाळी सांधायला माणूस पाहिजे म्हणून
ठेकेदारानं त्याला कडक भाकरीच्या गाठोड्यासकट इथं आणून सोडला.
पोहता येत नव्हतं.
पहिली रात्र तो टेकडीच्या पार शेंड्यावर झोपला,
पाणी उठून वर येईल या भीतीनं.

सकाळी मी फाटकं जाळं त्याच्यापुढं टाकलं
आणि गाठ शिकवायला बसलो.
तो बघत राहिला. मग हसला.
तुटलेला ताणा जोडतात ती हीच की!
त्याला बापानं शिकवली साखर पेठेत, मागाखालच्या खड्ड्यात बसवून.
मला माझ्या बापानं, होडीत.
त्या दोघांची कधी गाठ पडली नव्हती.
फरक एवढाच, मी दोरा गाठीला लावून कापतो,
तो बोटभर शेपूट सोडतो.
"सुटली तर परत धरायला काहीतरी पाहिजे."

शेवटच्या दिवसांत फार बोललो नाही.
वाघ-बकरी खेळलो. तो वाघ घ्यायचा आणि हरायचा.
शेंगाचटणी संपली तेव्हा डबा पाण्यानं विसळून
तेही त्यानं पिऊन टाकलं.
गाळात रोहित पक्षी उतरले, दोन-तीनशे तरी,
मी दाखवले कौतुकानं.
त्यानं डोळे बारीक करून पंखांचा रंग पारखला:
"कच्चा आहे. एका धुण्यात जाईल."

तिसऱ्या संध्याकाळी पाणवठ्याची वरची पायरी उघडी पडली.
"तुझं घर कुठं?" त्यानं विचारलं.
त्या पायरीच्या डावीकडं, म्हटलं, अजून दोन पुरुष खाली.
तो बराच वेळ तिकडं बघत होता.
"मग तू घरीच आहेस की.
जायचंय मला एकट्याला."
कालवण करपलं त्या दिवशी. तसंच खाल्लं.

चौथ्या पहाटे निघालो नसतो
तर होडी चिखलातच बसली असती.
"पोदाम," तो म्हणाला, आणि गाठोड्यातून चादर काढली.
त्याच्याच हातचा फसलेला माल,
मोराला एक पाय जास्त, म्हणून व्यापाऱ्यानं परत केलेली.
ती त्यानं बांबूला बांधली.
मी हसलो. चादरीचं शीड कुणी बघितलंय?
पण वारं आलं.
तीन पायांचा मोर छाती फुगवून उभा राहिला,
आणि बाभळीपासून पाणवठ्यापर्यंत
आम्ही दोघांनीही वल्ह्याला हात लावला नाही.
पोहता न येणारा माणूस होडीच्या नाळेवर उभा होता.

मग वारं पडलं. चादर भिजून जड झाली.
उरलेलं अंतर वल्हवत, कुरकुरत.

करमाळ्याच्या स्टँडवर सोलापूर गाडी लागलेलीच होती.
एरवी तास तास येत नाही.
"चादर ओली आहे, गाडीत कुठं नेऊ," म्हणाला,
माझ्या खांद्यावर टाकली
आणि खिडकीची जागा धरायला पळाला.

टेकडी आता पुन्हा बेट झालीय.
माग सुरू झाला म्हणे, एक पाळी तरी.
मी रात्री अंधारात जाळं आवरतो.
बॅटरी लागत नाही, बोटांना कळतं सगळं.
अधूनमधून एखादं शेपूट लागतं.
तेवढं मी कापत नाही.